तिसऱ्यांदा विचारल्यावर

दिनांक ११ फेब्रुवारी २०२४, रविवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. स्थळ बुलढाणा जिल्ह्यातील शेगावचे बसस्थानक, मेहकरकडे जाणाऱ्या गाड्यांच्या फलाटासमोरचा सिमेंटचा बाक. या दिवशी, या वेळी आणि या ठिकाणी प्रज्वल शालिग्राम वानखडे याने एका अनोळखी मुलीला, तिने विचारलेले नसताना, एका प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले; आणि पुढे जे काही घडले ते सर्व या एका अपराधापासून सुरू झाले.

बरोबर उत्तर देणे हा अपराध कसा, असे कोणी विचारील. प्रज्वलनेही तेच विचारले होते.

झाले असे की, भलत्याच महिन्यात आलेल्या पावसाची एक सर नुकतीच पडून गेली होती आणि गाड्यांचे वेळापत्रक तिने धुऊन नेले होते. सोनाळ्याची गाडी लागेना म्हणून प्रज्वल कोरडी जागा पाहून बाकावर टेकला. शेजारी पंचविशीतली एक मुलगी हातातल्या खेळयंत्रावर मान वाकवून बसली होती. तिच्या वेणीतून पाण्याचा एक थेंब निथळून यंत्राच्या काचेवर पडला. तिने तो ओढणीच्या टोकाने टिपला आणि पुन्हा खेळू लागली. खेळ प्रज्वलच्या ओळखीचा होता. ‘दिवेकरी’ त्याचे नाव. गडावरच्या एका मुलीने तेलाचा बुधला घेऊन सात बुरूज उजळायचे. तेल सांडले की पुन्हा पहिल्या बुरजापासून आरंभ. मुलगी तिसऱ्या बुरजाच्या जिन्यावरून पडली. पुन्हा पडली. प्रज्वलने दुसरीकडे पाहण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. ती पुन्हा पडली.

“डावीकडच्या पायरीनं उतरा,” तो म्हणाला. “उजवी फसवी आहे.”

तिचे अंगठे थांबले. तिने यंत्र अलगद उलटे करून मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे वळून पाहिले. डोळे मोठे होते, आणि रागाने आणखी मोठे झाले होते.

“तुम्हाला कोणी विचारलं?”

“नाई… पन तुमी तिसऱ्यांदा पडल्या म्हनून—”

“चौथ्यांदा. मोजायचंच तर नीट मोजा. एकवीस दिवस मी त्या जिन्यावर पडून राह्यले. बाविसाव्या दिवशी मला सापडली असती ती पायरी. कामून सांगितली?”

“‘कामून’ म्हनता म्हंजे लोनारकडच्या दिसता.”

“न विचारता सांगता म्हणजे मास्तर दिसता.”

घाव वर्मी बसला. प्रज्वल सोनाळ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असे. “इतिहास शिकवतो,” तो काहीसा ओशाळून म्हणाला.

“तरीच. तिथं शेवट आधीच माहीत असतो.” तिने यंत्र पिशवीत टाकले. “‘आणखी एक डाव’वर हे केलं असतं ना, तर आठ दिवस बंदी लागली असती तुम्हाला.”

हे नाव ऐकताच प्रज्वल बाकावर सरळ झाला.

‘आणखी एक डाव’ काय होते हे येथे सांगितले पाहिजे. संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या खेळांविषयी मराठीत लिहिण्याची, वाचण्याची आणि वाद घालण्याची ती एक जागा होती. सदस्य तिला ‘कट्टा’ म्हणत. ती कोणा कंपनीची नव्हती. तीवर जाहिरात नव्हती, खेळांना गुणांच्या चांदण्या वाटण्याची पद्धत नव्हती. परीक्षण लिहिणाऱ्याने प्रथम ‘मी कुठे अडलो’ हे सांगावे, मगच मत द्यावे. आणि खेळ शेवटपर्यंत खेळल्याशिवाय मत देऊच नये. पण साऱ्या नियमांत वाट विचारण्याचा नियम न्यारा होता. कोणी अडला आणि त्याने वाट विचारली, तर पहिल्यांदा त्याला एवढेच विचारायचे : ‘काय काय करून पाहिलं?’ दुसऱ्यांदा विचारले तर खूण द्यायची. सरळ उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर. हे सगळे बीबी गावातल्या एका गिरणीच्या माळ्यावर ठेवलेल्या एकाच संगणकावर चालते, हेही सर्वांना ठाऊक होते. कारण बीबीची लाइन गेली की गिरणी थांबे आणि गिरणीबरोबर कट्टाही. नऊशे सदस्य, कोणी नाशिकचा तर कोणी नांदेडचा. पण बीबीच्या भारनियमनाचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होते.

“तुमी कट्ट्यावर असता?” प्रज्वलचा आवाज आपोआप आदराने उतरला. “मंग तुमी सांगा, असं बांधकाम कुठं पाह्यलं? मानूस सगळीकडं मत विकून राह्यला, अन् हा गिरनीवाला काका म्हनतो, आधी तुहं अडलेलं सांग! चार वर्सांत एक शिवी नाई कट्ट्यावर, एक खोटं परीक्षन नाई. एकट्या मानसानं, भंगारातला संगनक जोडून—”

“काका?” तिने विचारले.

“पन्नाशीचे असतीन. मिशा असतीन भरघोस.”

“मिशा कशावरून?”

“तीनदा विचारल्याबिगर सांगायचं नाई, हा नियम बिनमिशीच्या मानसाले सुचनारच नाई.”

ती हसली. हसताना तिने तळहात ओठांवर धरला, आणि प्रज्वलला तिच्या बांगडीच्या खाचेत अडकलेली पिठाची पांढरी रेघ दिसली. ती रेघ तो पाहतच राहिला. तिचा अर्थ त्याला दोन क्षण उशिरा लागला, याचे कारण त्या दोन क्षणांत तो अर्थ शोधत नव्हता.

“एकोणतीस तारखेला बंद होणार आहे कट्टा,” ती म्हणाली. हसू ओसरले होते.

“कोनं सांगतलं?”

“काकांनीच.” तिने तर्जनी वरच्या ओठावरून फिरवली. “मिशीची आण.”

प्रतीक्षा पुंजाजी सानप तिचे नाव. पदविका मेहकरची, संगणक शाळेने टाकून दिलेला, आणि कट्टा सर्वस्वी तिने बांधलेला. तिला पुण्याला नोकरी लागली होती. चार मार्चला रुजू व्हायचे होते. ती गेल्यावर लाइन आली की संगणक पुन्हा उठवणार कोण? आणि एखाद्या कंपनीची जागा भाड्याने घेण्यास ती तयार नव्हती. भाड्याच्या ओट्यावर बसले की घरमालकाकडे पाहून बोलावे लागते, असे तिचे म्हणणे होते.

प्रज्वलने आयुष्यात पुष्कळ वाद घातले होते. पण हरण्याची भीती वाटावी असा हा पहिलाच.

“सोनाळ्याले माह्या घरी एक संगनक आहे,” तो म्हणाला. “जिल्ह्याच्या त्या टोकाले तुमी, या टोकाले मी. दोन गावची लाइन एकदम नाई जात. बीबी गप्प झालं का सोनाळा बोलन. एकोनतीसपर्यंत करून तर पाहा.”

मेहकरची गाडी लागली. प्रतीक्षा उठली, दोन पावले गेली, थांबली.

“एकोणतीसपर्यंत,” ती म्हणाली. “जमलं तर चालू, नाही जमलं तर बंद. आणि नियम तुम्हालाही लागू. तुम्हालाच जास्त.”

*

पुढचे चार दिवस फोनवर गेले. प्रतीक्षा सांगे, प्रज्वल करी. तिचा आवाज गिरणीच्या घरघरीतून गाळून येई. “थांबा, बाबा ज्वारी दळून राह्यले,” ती म्हणे. आणि तो थांबे. चौथ्या दिवशी त्याच्या लक्षात आले की, ज्वारीची घरघर आणि गव्हाची घरघर आपल्याला वेगळी ओळखू येते, आणि हरभऱ्याची डाळ आली की ती पलीकडे शिंकते. हे ज्ञान इतिहासाच्या अध्यापकाला कोणत्याच उपयोगाचे नव्हते. तरी ते त्याने फार जपून ठेवले.

संगणक जुळले. बीबीत लिहिलेले सोनाळ्यात उमटू लागले. बीबी बंद पडले तर सोनाळ्याने कारभार चालवायचा, आणि लाइन आली की मधल्या वेळचे सगळे बीबीला परत द्यायचे, असे ठरले.

शुक्रवारी, सोळा तारखेला, दुरुस्तीसाठी बीबीची लाइन सकाळी दहाला गेली. गिरणी थांबली, कट्टा थांबला नाही. प्रज्वलने त्या दिवशी रजा काढली होती. सोनाळ्याच्या त्या लहान खोलीत पडद्यावर नाशिक बोलत होते, नांदेड बोलत होते, आणि त्याचे मन भरून आले. आपण तिला काहीतरी द्यावे असे त्याला वाटले. काहीतरी मोठे, तिने लाइन आल्यावर पाहावे आणि चकित व्हावे असे.

कट्ट्यावर त्रेचाळीस प्रश्न अनुत्तरित होते. काही पहिल्यांदा विचारलेले, काही दुसऱ्यांदा. मलकापूरची अलीजा ‘दिवेकरी’च्या पाचव्या बुरजाच्या दरवाज्यापुढे सहा महिने अडून होती. प्रज्वलला त्यांतील बहुतेकांची उत्तरे येत होती. जी येत नव्हती ती त्याने शोधून काढली. दुपारी चारपर्यंत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस उत्तरे, मुद्देसूद, पायरी-पायरीने, सुवाच्य परिच्छेदांत मांडून झाली होती. पाचला बीबीची लाइन आली आणि ती सारी उत्तरे तिच्या घरी पोचली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कट्ट्यावर एकही ओळ आली नाही.

मग एक आली. अलीजाची. ‘सहा महिने मी त्या दरवाज्यापुढे होते. तुम्ही एका मिनिटात उघडून दिला. शुक्रिया. आता मी काय करू?’

पाठोपाठ फोन वाजला. मागे गिरणीचा आवाज नव्हता. ती अंगणात येऊन बोलत असावी.

“तुम्ही उत्तरं दिली,” प्रतीक्षा म्हणाली.

“चुकली काय एखादी?”

“एकही नाही. हेच तर वाईट झालं.” तिचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच प्रज्वलला तो सोसवेना. “अलीजा रोज यायची. कोणी म्हणायचं दोर टाकून पाहा, कोणी म्हणायचं पहाटेची वाट पाहा. त्या बंद दरवाज्यापुढे तिला दोन मैत्रिणी मिळाल्या, तुम्हाला माहीत आहे? आता ती कामून येईल?”

“मले वाटलं… तुमाले बरं वाटन.”



“मी विचारलं होतं का?” ती म्हणाली. “बाकावर तेच केलं. इथंही तेच. एकोणतीसला बंद करते मी. राहू द्या.”

प्रज्वल पडद्यापुढे बसला. बचावाची सात कारणे त्याच्याजवळ तयार होती. त्यांतील पाच तर बिनतोड होती. त्याने एकही वापरले नाही. त्याने कट्ट्यावर दोन वाक्ये लिहिली : ‘सोनाळ्याच्या सदस्याने त्रेचाळीस वेळा नियम मोडला. त्याला आजपासून आठ दिवस बंदी.’ शिक्षा त्याने स्वतःच फर्मावली आणि स्वतःच भोगायला घेतली.

*

आठ दिवस न बोलणे हे एखाद्याला सोपे वाटेल. ज्याला वाक्य सुचले की ते सांगितल्याशिवाय जेवण जात नाही, त्याच्यासाठी ते उपोषणाहून कठीण असते. प्रज्वल महाविद्यालयातून येई, संगणकापुढे बसे आणि पाही. बीबीची लाइन आठवड्यात तीनदा गेली. तिन्ही वेळा सोनाळ्याने कट्टा झेलला, आणि तिन्ही वेळा त्याने त्यात एक अक्षरही घातले नाही. प्रतीक्षाला फोनही केला नाही.

“काऊन रे,” आई रुक्मिणीबाई म्हणाली, “तोंड आलं काय तुले? चार दिवस झाले, भाजीतलं मीठबी काढत नाई.”

त्याने मान हलवली.

“मंग कोन हाये ते?” आईने विचारले.  त्याचे कान लाल झाले, आणि रुक्मिणीबाईला तिसऱ्यांदा विचारण्याची गरज पडली नाही.

इकडे कट्टा हळूहळू जागा झाला. आधी भांडण सुरू झाले : सोनाळ्याच्या माणसाला आठ दिवस पुरेत की महिना हवा? मग कोणी म्हणाले, उत्तरे मिटवून टाका. कोणी म्हणाले, वाचलेले मिटत नसते. पाचव्या दिवशी अलीजाने लिहिले : ‘दरवाजा उघडला. आत काळोख आहे आणि पाण्याचा आवाज येतो. खबरदार कोणी सांगितलं तर!’ त्याखाली एकतीस जण येऊन बसले. कोणी काही सांगितले नाही. प्रज्वलला त्या काळोखातली वाट ठाऊक होती. त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिला.

*

रविवारी, पंचवीस तारखेला, बंदी संपल्याच्या दुसऱ्या सकाळी तो पहिल्या गाडीने निघाला. शेगाव, खामगाव, चिखली, मेहकर असे जिल्ह्याचे एक टोक सोडून दुसरे गाठता गाठता दुपार झाली. बीबीत गिरणी विचारावी लागली नाही, आवाजावरून सापडली. गहू चालू होता.

चक्कीशी भुवयांपर्यंत पांढरे झालेले एक गृहस्थ उभे होते. मिशा खरोखरच भरघोस होत्या.

“दळण कुठंय?” पुंजाजींनी विचारले.

“दळन नाई आनलं, काका.”

“मंग?” पुंजाजींनी त्याला खालून वर न्याहाळले आणि जिन्याकडे तोंड करून हाक दिली. “प्रतीक्षा! तुझं गिऱ्हाईक दिसतंय हे.”

ती माळ्यावरून उतरली. पायरीवर क्षणभर थबकली. कपाळावरची बट मागे सारताना तिथेही पिठाचे बोट उमटले. ते तिला सांगावे असे प्रज्वलला फार वाटले. तिने विचारले नव्हते, म्हणून त्याने सांगितले नाही.

“तुम्ही कामून आले?”

प्रज्वलने श्वास घेतला. “काय काय करून पाह्यलं?” तो म्हणाला.

तिला कळायला वेळ लागला नाही. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले; तिने ते दाबले.

“ताडून पाह्यलं,” ती म्हणाली. “संगणक बिघडला म्हणावं, तर तुमचा नीट चालू आहे. माफी मागायला आले म्हणावं, तर ती तुम्ही आठ दिवस मागूनच राह्यले. इकडं कोणी नातेवाईक म्हणावं, तर तुमची तोंडओळख फक्त आमच्या घरघरीशी. मग कामून आले?”

हे दुसऱ्यांदा झाले. आता खूण.

“बंदी काल संपली,” तो सावकाश म्हणाला. “पयलं वाक्य कालच कट्ट्यावर लिहिता आलं असतं. नाई लिहिलं. ते सव्वाशे कोस… नाई, तेवढे नाई, पन पाच तास गाडीत धरून बसलो, सांडू देल्लं नाई.”

 आणि त्याच वेळी बीबीची लाइन गेली.

चक्कीचा पट्टा फरफरला, घरघर जड झाली, खोल गेली, थांबली. पीठ हवेत तसेच तरंगत राहिले. एवढ्या शांततेत, इतक्या जवळ, ती दोघे पूर्वी कधीच नव्हती. तिकडे दूर सोनाळ्यात एक संगणक गुपचूप जागा झाला असेल, हे दोघांनाही ठाऊक होते.

“कामून आलास?” तिने हळूच विचारले.

“तुह्यासाठी,” तो म्हणाला. “तू मले आवडते. तुह्या मिशा नसल्या तरी. पुन्याले जा, कट्टा चालू ठेव का नको ठेवू, ते तुह्यं… पन मले आवडते तू.” मग धीर करून, “अन् तुह्यं काय?”

प्रतीक्षाने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले.

“पहिल्यांदा विचारलंस,” ती म्हणाली. “काय काय करून पाह्यलं?”

प्रज्वलने तोंड उघडले आणि मिटले. तो बाजूच्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगावर बसला. लाइन दोन तास आली नाही. दोन तास तो तिथे होता. ती माळ्यावर गेली, चहा घेऊन आली, समोर बसली. तिने अलीजाचा काळोख विचारला, त्याने आईच्या भाजीचे सांगितले. पण तो प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही. पुंजाजी दारातल्या खाटेवर आडवे होऊन डोळे मिटून होते. झोपले मात्र नव्हते.

*

एकोणतीस तारखेला कट्टा बंद झाला नाही. त्या सकाळी त्यावर एकच सूचना झळकली : ‘यापुढे दोन घरी.’ लाइन आल्यावर बीबीचा संगणक उठवण्याचे काम पुंजाजींनी पत्करले होते.

त्याच दुपारी, नोकरीला जाण्याआधी दर्शन घ्यायचे म्हणून बापलेक शेगावला आले होते, आणि पुण्याची रेल्वेगाडी तिथूनच होती. प्रज्वल फलाटावर आला, तिची जड पिशवी उचलली आणि तिच्या शेजारी उभा राहिला. पुंजाजी चार पावलांवर, हात मागे बांधून, मालगाडीचे डबे मोजत असल्यासारखे.

“अन् तुह्यं काय?” प्रज्वलने विचारले. दुसऱ्यांदा.

तिने पर्समधून मोबाइल काढून त्याच्यापुढे धरला. तिकीट होते, पण आजचे नव्हे. नऊ मार्चचे, शनिवारचे, पुण्याहून शेगावला.

“ही खूण,” ती म्हणाली. “आणि ऐक, ‘दिवेकरी’ मी पुन्हा पहिल्यापासून खेळले. उजव्या पायरीनंसुद्धा उतरता येतं. बुधला डाव्या हातात घ्यायचा, झालं. तुला हे माहीत नव्हतं ना?”

त्याला माहीत नव्हते. हरण्यातला आनंदही त्याला आजवर माहीत नव्हता.

गाडी आली. डबा समोर थांबला. ती चढली, दारातल्या दांडीला धरून वाकली. वारा तिची ओढणी त्याच्या मनगटावर टाकून पुन्हा उचलून नेत होता.

“आता विचार की,” ती म्हणाली. “गाडी दोनच मिनिटं थांबते.”

“अन् तुह्यं काय, प्रतीक्षा?”

“हाव,” ती म्हणाली. ‘हो’ म्हणायचे ते आपल्या गावच्या नव्हे, त्याच्या गावच्या बोलीत. मग तिच्याने त्याच्याकडे पाहवेना, आणि गाडी हलली म्हणून तिची सुटका झाली.

शेवटचा डबा वळणावर दिसेनासा झाला तरी प्रज्वल तिथेच उभा होता. पुंजाजी जवळ आले. त्यांनी त्याच्या हातातली पिशवी पाहिली, जी द्यायची तो विसरला होता. ती काढून त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली. खिशातून मोबाइल काढला आणि घरी बायकोला लावला. वच्छलाबाईंनी पलीकडून काय विचारले ते ऐकू आले नाही. पण उत्तर फलाटभर ऐकू गेले.

“पाह्यला,” पुंजाजी म्हणाले. “बोलतो लई. पण थांबता येतं त्याला. चालते.”